न मारता, न मोकाट सोडता: मुलांना जबाबदारी शिकवताना

मुलाच्या हातून काही चुकले की घरातील मोठी माणसे साधारणपणे दोनपैकी एक वाट धरतात. एक तर रागावून, प्रसंगी चापट मारून विषय संपवतात, नाही तर 'जाऊ द्या, लहान आहे' असे म्हणून झालेले सगळे स्वतःच निस्तरतात. वरवर पाहता या वाटा एकमेकींच्या अगदी उलट आहेत, परंतु झालेले नुकसान भरून काढण्याचे काम दोन्हींत मुलाच्या वाट्याला येतच नाही. मार खाल्लेल्या मुलाला वाटते की फिटले. ज्याच्यावर पांघरूण घातले गेले त्याला वाटते की काही घडलेच नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: चूक सुधारण्याचे काम मुलाच्याच हाती ठेवावे आणि ते करताना पालकांनी त्याच्या शेजारी उभे राहावे.

सौम्य शिस्त म्हणजे ढिली शिस्त, असा समज आपल्याकडे पक्का आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. काही पालक केवळ हुकमत गाजवतात, काही सगळेच चालवून घेतात, आणि काहींच्या घरी नियम पक्के असतात पण बोलणे मायेचे असते व नियमामागचे कारण मुलाला सांगितले जाते. या तिसऱ्या तऱ्हेच्या घरांतील मुले अधिक स्वावलंबी आणि स्वतःवर ताबा ठेवणारी असल्याचे त्यांना आढळले. हा विचार आपल्याला परका नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, तेव्हा त्यांनी शिक्षेचा धाक आणि बक्षिसाचे आमिष या दोन्ही गोष्टींना विरोध केला; त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम उभे केले. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. शिक्षकांनी जे करू नये असे आपण आग्रहाने म्हणतो, ते घरी आपणही करू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

एक फुटलेली कुंडी

ही पद्धत प्रत्यक्षात कशी वापरायची, हे एका प्रसंगातून नीट पाहू. समजा, नाशिकच्या इंदिरानगरमधील एका सोसायटीत पार्किंगच्या जागेत मुले क्रिकेट खेळत आहेत. नऊ वर्षांच्या मुलाने मारलेला चेंडू तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीला लागतो आणि कुंडीचे दोन तुकडे होतात. मुले पांगतात, आणि हा मुलगा काहीच न बोलता घरी येऊन अभ्यासाचे पुस्तक उघडून बसतो. थोड्या वेळाने काकूंचा फोन येतो.

येथे पहिली पायरी स्वतःसाठी आहे. फोन ठेवल्याबरोबर मुलाकडे धावू नये. पाणी प्यावे, गॅसवरचे काम उरकावे, आवाज खाली आला की मगच त्याच्याजवळ जाऊन बसावे. दुसरी पायरी प्रश्नाची. कुंडी कोणी फोडली हे आपल्याला ठाऊक असताना 'कुंडी तू फोडलीस का?' असे विचारू नये. ठाऊक असलेली गोष्ट विचारणे म्हणजे मुलाला खोटे बोलण्याची संधी देणे, आणि घाबरलेले मूल ती संधी हमखास घेते. त्याऐवजी सरळ सांगावे, 'काकूंचा फोन आला होता. तुझा चेंडू लागून कुंडी फुटली म्हणाल्या. काय झालं ते मला सांग.' मग गप्प बसून ऐकावे. तो आधी दुसऱ्या मुलाने चेंडू कसा टाकला ते सांगेल, कुंडी मध्येच कशी ठेवली होती ते सांगेल. त्याला तोडू नये. दोन मिनिटांनी तो स्वतःच मुद्द्यावर येतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. 'आता काय करायचं?' हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा आणि उत्तर आपण देऊ नये. 'सॉरी म्हणतो' हे त्याचे पहिले उत्तर असेल. ते चांगलेच आहे, पण पुरेसे नाही, म्हणून पुढे विचारावे, 'आणि तुळशीचं काय?' नवी कुंडी आणावी लागेल, माती भरावी लागेल, रोप लावावे लागेल, हे त्याच्याच तोंडून आले की मग आपण सोबत जायचे. काकूंच्या दारात बेल त्याने वाजवावी, बोलावे त्याने, आपण एक पाऊल मागे उभे राहावे. तो अडखळेल, बोटे चुरगाळेल, त्याचा आवाज बारीक होईल. तरीही 'अहो, त्याला म्हणायचंय की...' असे म्हणून त्याचे वाक्य पुरे करण्याचा मोह टाळावा, कारण धैर्याचा खरा सराव त्या अर्ध्या मिनिटातच होत असतो.

कुंडी गंगापूर रोडवरच्या एखाद्या रोपवाटिकेतून आणा किंवा बुधवारच्या बाजारातून. पैशांचा काही भाग त्याच्या साठवलेल्या पैशांतून जावा. सगळी रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा हट्ट नको, कारण नऊ वर्षांच्या मुलाची शिल्लक ती किती असणार; पण त्याला जाणवेल एवढा वाटा असावा. माती त्याने भरावी. पुढचे आठ दिवस शाळेतून आल्यावर त्या तुळशीला त्याने पाणी घालावे. हे झाले की प्रकरण मिटले. रविवारी मिसळ खायला गेल्यावर मामांपुढे 'आमच्या सचिनने परवा काय पराक्रम केला माहितीय का?' असे सांगून त्याला पुन्हा खजील करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने भरपाई केली आहे, आणि भरपाई केलेल्या माणसाला मोठ्यांच्या जगात जो मान मिळतो तो त्यालाही मिळायला हवा.

धाकाने खोटे कमी होते, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका शाळेत मारण्याची पद्धत होती, दुसऱ्या शाळेत नव्हती. पाहू नको असे सांगितलेले खेळणे दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी चोरून पाहिले. मात्र मार देणाऱ्या शाळेतील मुले त्याबद्दल अधिक खोटे बोलली आणि ते खोटे त्यांनी अधिक सफाईने निभावले. धाकाने चूक थांबत नाही, ती लपवण्याची कला तेवढी वाढते.

काम खरे असावे

चूक झाल्यावर काय करावे हा झाला एक भाग. जबाबदारी मात्र रोजच्या साध्या कामांतून अंगी मुरते, आणि ती कामे घराला खरोखर उपयोगी असावी लागतात. तीन-चार वर्षांचे मूल चपला जागेवर ठेवू शकते आणि खेळणी टोपलीत भरू शकते. पहिली-दुसरीतल्या मुलाने शाळेतून आल्यावर डबा आणि पाण्याची बाटली स्वतः मोरीत नेऊन ठेवावी. तिसरी-चौथीत दप्तर वेळापत्रकाप्रमाणे भरणे हे त्याचेच काम असावे. दहा-अकराव्या वर्षी कोपऱ्यावरून कोथिंबीर-मिरची आणणे, उरलेले पैसे मोजून परत देणे, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी मोठ्यांच्या देखरेखीखाली कुकर लावणे जमायला हरकत नाही. मुलाने घडी घातलेला टॉवेल वाकडा असला तरी त्याच्या देखत तो पुन्हा घडी करू नये. एकदा तसे केले की 'माझ्या कामाला काही अर्थ नाही' हे त्याला न सांगता कळते, आणि पुढच्या वेळी ते काम आपल्याच अंगावर येते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. आपल्या कितीतरी घरांत आजही जेवण झाल्यावर बहीण भावाचे ताट उचलते आणि तो टीव्हीसमोर जाऊन बसतो. अशा घरात मुलाला जबाबदारीचे कितीही धडे दिले तरी ते पालथ्या घड्यावर पाणी ठरते. आपण केलेला पसारा कोणीतरी दुसरे आवरणार, हे तो रोज दोन वेळा शिकत असतो. ताट ज्याचे त्याने उचलावे, आणि वडिलांनी स्वतःपासून सुरुवात करावी.

कामाबद्दल पैसे द्यावेत का, असे पालक हमखास विचारतात. माझे मत असे की घरातील नेहमीच्या कामांना मोबदला लावू नये. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ मधील प्रयोगात, चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ज्या बालवाडीच्या मुलांना खरोखर बक्षीस दिले गेले, ती मुले नंतर मोकळ्या वेळेत इतर मुलांच्या मानाने कमी चित्रे काढताना दिसली. बक्षिसाने आवडीची गोष्टसुद्धा मजुरीची होऊन बसते, मग ताट उचलण्याचे काय घेऊन बसलात! कौतुक मात्र मोकळेपणाने करावे आणि ते नेमके असावे. 'शहाणा बाळ' म्हणण्यापेक्षा 'तू भाजी आणलीस म्हणून मला वेळेवर स्वयंपाक उरकता आला' हे वाक्य मुलाला कितीतरी अधिक सांगते.

परिणाम कधी भोगू द्यावा, कधी नाही

डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या रोज पेपरात असतात, तेव्हा सकाळच्या शाळेसाठी मुलाला उठवणे हे नाशिककरांच्या घरातील रोजचे रणकंदन असते. अशा धांदलीत गणिताची वही घरी राहते, आणि आई किंवा बाबा ऑफिसला जाता जाता ती वही शाळेच्या फाटकावर पोहोचवतात. पहिल्या वेळी हे समजण्यासारखे आहे. पण दर आठवड्याला तसेच होऊ लागले तर वही लक्षात ठेवण्याचे काम मुलाने आपल्यावर सोपवले आहे, हे ओळखावे. त्या दिवशी वही नेऊन देऊ नये आणि संध्याकाळी 'बघ, सांगितलं होतं ना' असे टोचूनही बोलू नये. शाळेत बाईंनी जे म्हणायचे ते म्हटलेले असते. रात्री झोपण्यापूर्वी दप्तर भरण्याची वेळ कोणती ठेवायची, एवढेच त्याच्याशी बसून ठरवावे.

मात्र प्रत्येक परिणाम मुलाला भोगू द्यायचा नसतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की पुराचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले हे पाहायला सारे शहर गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, लोटते. तेथे मूल काठाकडे धावले तर समजावत बसण्याची ती वेळ नव्हे. हात घट्ट धरावा, मागे ओढावे, ठाम आवाजात 'नाही' म्हणावे. रस्ता, आग, वीज, पाणी, आणि दुसऱ्याला इजा करणे या बाबतींत चर्चा नंतर, आधी अटकाव. असे अटकाव मोजके असले की मूलही त्यांचे गांभीर्य ओळखते. दिवसभरात पन्नास वेळा 'नाही' ऐकणाऱ्या मुलाला एकावन्नावे 'नाही' ऐकूच येत नाही.

लहान मुलांच्या आकांडतांडवाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दिवाळीच्या खरेदीत मेनरोडच्या गर्दीत तीन वर्षांची मुलगी फुग्यासाठी रस्त्यावर बसकण मारते, तेव्हा ती आईची परीक्षा पाहत नसते. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग त्या वयात अगदीच कोवळा असतो, आणि तो पूर्ण विकसित व्हायला विशी उलटावी लागते. शिवाय ती थकलेली असते, भुकेली असते. तिला उचलून बाजूच्या कमी गर्दीच्या बोळात न्यावे, तिच्या उंचीवर खाली बसावे आणि कमीत कमी शब्दांत बोलावे: 'तुला फुगा हवा होता. आज आपण घेणार नाही. मी इथेच आहे.' रडणे ओसरेपर्यंत थांबावे. ये-जा करणारे लोक बघतात म्हणून शेवटी फुगा घेऊन दिला, तर रडण्याची किंमत ठरून जाते; लोक बघतात म्हणून चापट दिली, तर तिला धीर हवा असतो त्याच क्षणी आपणच भीतीचे कारण होतो. शहाणपणाच्या दोन गोष्टी घरी पोहोचून, खाऊन झाल्यावर, मांडीवर घेऊन सांगाव्यात. खरेदीला निघण्यापूर्वीच 'आज कपडे घ्यायचे, फुगा नाही' हे सांगून ठेवले आणि सोबत राजगिऱ्याचा लाडू घेतला, तर यातले अर्धे प्रसंग येतच नाहीत.

घरातील सगळ्यांचा एक शब्द

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या वडिलांची आणि मुलांची कधी कधी आठवडाभर नीट गाठ पडत नाही. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांच्या घरी ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चपर्यंत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा घरांत मुले बहुतांशी आजी-आजोबांच्या हाताखाली वाढतात, आणि आईने नाही म्हटलेला मोबाईल आजोबांकडून मिळतो, हे मुलांना लवकरच उमगते. यावर आजी-आजोबांना मुलांसमोर बोल लावणे हा उपाय नव्हे, कारण मोठ्यांचा मान कसा राखतात हे मूल त्याच वेळी बघत असते. मुले झोपल्यावर बसावे आणि फार तर तीन-चार नियम ठरवावेत: झोपण्याची वेळ, मोबाईलची वेळ, मारायचे नाही, खोटे बोलायचे नाही. हे नियम मुलांना आणि मोठ्यांना सारखेच लागू असावेत. बाकी लाड आजी-आजोबांनी खुशाल करावेत. आजीने बेसनाचा एक लाडू जास्त दिला म्हणून कोणाचे चारित्र्य बिघडत नाही. पाळीवरून रात्री उशिरा येणाऱ्या वडिलांकडे 'बाबांना येऊ दे, मग बघ' असे म्हणून शिक्षेचे काम राखून ठेवणे तर अगदीच टाळावे. मुलाच्या वाट्याला वडिलांची दिवसाची जी दहा मिनिटे येतात, ती धास्तीत जाऊ नयेत.

मुले नियमांपेक्षा माणसे अधिक बारकाईने वाचतात. २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम सुरू केली होती. अशा वेळी पेट्रोल भरण्यापुरते शेजारच्या माणसाचे हेल्मेट मागून घेणाऱ्या वडिलांमागे जर मूल बसलेले असेल, तर नियम कशासाठी असतो याचे त्याचे शिक्षण तेथेच पुरे झाले. गणपतीनंतर निर्माल्याची पिशवी पुलावरून गंगेत न भिरकावता निर्माल्य कलशापर्यंत चालत नेणे, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करणे, कामवाल्या मावशींना 'अहो' म्हणणे, आणि आपला आवाज चढला असेल तर संध्याकाळी मुलाला 'मी ओरडायला नको होतं' असे सरळ सांगणे, या गोष्टींना वेगळा वेळ लागत नाही.

मुले मोठी होताना

वयाबरोबर नियम कमी होत जावेत आणि निर्णय मुलांकडे सरकत जावेत; नववी-दहावीतल्या मुलाला अभ्यासाचे वेळापत्रक आपण आखून देणे हे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखे आहे. तरीही काही नकार उरतातच. कॉलेज रोडवर क्लासला जाणारी कितीतरी सोळा वर्षांची मुले स्कूटर चालवताना दिसतात. या वयात कायद्याने, तेही परवाना काढून, फक्त पन्नास सीसीपर्यंतची विनागिअर दुचाकी चालवता येते, आणि घरोघरी असलेल्या स्कूटर त्यापेक्षा मोठ्या असतात. २०१९ मधील दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'सगळ्यांकडे आहे' या युक्तिवादाला येथे बळी पडू नये.

पण नकार देऊन मोकळे होणे ही सौम्य शिस्त नव्हे. 'गाडी मिळणार नाही' असे म्हणणाऱ्या पालकाने 'मग क्लासला वेळेवर कसं पोहोचायचं?' हा प्रश्नही मुलासोबत सोडवायला हवा. सायकल, सिटीलिंकची बस, मित्राच्या पालकांसोबत आलटून पालटून सोडण्याची व्यवस्था, असे पर्याय त्यानेच शोधावेत, बसच्या वेळा त्यानेच काढाव्यात, आणि पहिल्या आठवड्यात बस चुकून क्लासला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी घरून किती वाजता निघायचे तेही त्यानेच ठरवावे. आपण पासचे पैसे द्यावेत, आणि रात्रीच्या शेवटच्या तासाला बस मिळत नसेल तर न कुरकुरता त्याला आणायला जावे.